पाणी अजून थंड आहे

एप्रिल उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे पत्ते बदलू लागतात. एरवी सांगली, नाशिक, ठाणे येथून लिहिणारे वाचक न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथून लिहितात. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहण्यास गेलेली ही मंडळी. त्यांचे प्रश्नही बहुधा ठरलेले असतात. औषधे किती महिन्यांची न्यावीत, कोरड्या हवेने त्वचा फुटते त्यावर काय लावावे, पाय मोकळे करायचे तर जायचे कुठे. यंदा मात्र न्यू जर्सीहून आलेले एक पत्र वेगळे निघाले आणि त्याचे उत्तर देण्यास मला आठवडा लागला.

पत्र लिहिणारे गृहस्थ ७२ वर्षांचे. त्यांचे बालपण वारणेच्या काठी गेले. शाळा चुकवून गळ टाकून बसल्याबद्दल वडिलांचा मार खाल्ल्याचे त्यांनी काहीशा अभिमानानेच लिहिले आहे. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलेला. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. रोज तीन किलोमीटर चालणे. प्रकृती एकंदरीत ठीक.

त्यांचा मुलगा वसंत ऋतू लागला की दर शनिवारी पहाटे गाडीच्या टपावर कयाक बांधून जवळच्या जलाशयावर बास नावाचा मासा धरण्यास जातो. ‘मी खिडकीतून त्याची तयारी पाहतो,’ असे त्यांनी लिहिले आहे. ‘एकदा विचारले, मी येऊ का? तो म्हणाला, बाबा, तुम्हाला नाही झेपायचं. त्यानंतर मी विचारलेले नाही. सौभाग्यवतीचा वेळ नातवंडांत जातो. माझा जात नाही. मला झेपेल की नाही, एवढे आपण सांगावे. नसेल झेपणार तर तसेही सांगावे, मी राग मानणार नाही.’

शेवटचे वाक्य वाचून माझ्या लक्षात आले की राग आधीच मानून झालेला आहे. तो माझ्यावर नाही, इतकेच.

प्रथम, ज्यांनी कयाक पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडेसे. कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची अरुंद, हलकी होडी. तिच्यात बसणारा पाण्याच्या जवळजवळ पातळीवर, पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डावीउजवीकडे मारतो. मासेमारीसाठीची कयाक थोडी रुंद असते, आणि बहुधा तिची बैठक वरच्या बाजूस उघडी असते. पायांनी पॅडल मारून चालणाऱ्या कयाकही मिळतात. हॉबी या कंपनीने १९९७ साली तशी यंत्रणा बाजारात आणली आणि गळ टाकणाऱ्यांचे हात मोकळे झाले. खांदा दुखणाऱ्यांनाही त्या सोयीच्या पडतात.

आणि बास. आपल्याकडे हॉटेलांत ‘बासा’ म्हणून जो मासा वाढतात त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही. तो व्हिएतनामकडचा. कोकणातल्या जिताड्यालाही इंग्रजीत सीबास म्हणतात, पण तोही निराळा. अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला हा बास सनफिश कुळातला आहे. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा असे त्याचे दोन मुख्य प्रकार. मोठ्या तोंडाच्या बासचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. लहान तोंडाचा अंगाने काशासारखा तपकिरी आणि अंगावर उभे पट्टे असलेला. गळाला लागला की दोघेही पाण्याबाहेर उसळी घेतात, आणि वेड लागते ते त्या उसळीचे.

मुलाने नकार दिला तो चुकीचा होता का? मी वडिलांच्या संमतीने मुलाशी फोनवर बोललो. तो म्हणाला, ‘डॉक्टर, थंडी असते हो तिथे.’ त्याचे कारण बरोबर होते, पण ते त्याने वडिलांना सांगितलेच नव्हते. ‘तुम्हाला नाही झेपायचं’ आणि ‘पाणी अजून थंड आहे’ या दोन वाक्यांमध्ये फार मोठे अंतर आहे. पहिले वाक्य माणसाबद्दल आहे, दुसरे पाण्याबद्दल. आणि पाणी पुढे कोमट होते.

हे पाणी किती थंड असते? काही वर्षांपूर्वी मी स्वतः एप्रिलच्या मध्यास न्यू जर्सीतील स्प्रूस रन जलाशयाच्या काठी उभा होतो. उन्हाने पाठ तापली होती, लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत फिरत होते. मी सहज हात मनगटापर्यंत पाण्यात धरला. मिनिटभरात बोटांची हाडे ठणकू लागली. हवेचे तापमान एका दिवसात दहा अंश चढते, पण हिवाळ्यात गोठून निघालेल्या मोठ्या जलाशयाला तापायला आठवडे लागतात. त्या दिवसांत हवा २२ अंश सेल्सिअस आणि पाणी १० अंश, असे सर्रास असते. वसंतातले ऊन फसवते ते असे.

अशा पाण्यात माणूस अचानक पडला तर काय होते, याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी तो ‘एक, दहा, एक’ अशा सोप्या रूपात मांडला. पहिले एक मिनिट श्वासाचे. थंड पाणी कातडीला लागताच माणूस आपोआप मोठा आचका घेतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जाते. नंतर धाप लागते आणि ती आवरता आवरत नाही. हे मिनिट निभावले तर पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात. त्यानंतर बोटे दोरी धरत नाहीत, पट्टा सोडवत नाहीत, पोहणाऱ्याचे हात चालत नाहीत. शरीराचे आतले तापमान उतरून शुद्ध हरपण्यास मात्र सुमारे एक तास लागतो. म्हणजे ‘थंडीने गारठून मृत्यू’ ही जी आपली कल्पना असते तिच्या फार आधी, पहिल्या काही मिनिटांतच, बहुतेक घात होतो. उत्तम पोहता येते म्हणून वाचू, हा भरवसा इथे लागू पडत नाही. वारणेत पोहलेल्या माणसाने हे विशेष ध्यानात घ्यावे. वारणा इतकी थंड कधी नव्हती.

हृदयरोग असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. थंडीच्या धक्क्याने नाडी एकदम वाढते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो. त्याच वेळी चेहरा पाण्यात गेला आणि श्वास रोखला गेला तर शरीराची दुसरी एक प्रतिक्रिया जागी होते, ती नाडी मंद करू पाहते. हृदयाला एकाच वेळी ‘पळ’ आणि ‘थांब’ अशा दोन आज्ञा मिळतात. ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले आहे की या ओढाताणीत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. तरुण, निरोगी हृदय हे बहुधा सोसते. स्टेंट बसवलेल्या हृदयाची अशी परीक्षा घेण्याचे कारण नाही.

शिवाय वयानुसार थरथर कमी होते. थरथर म्हणजे शरीराने पेटवलेली शेकोटी. ती म्हातारपणी मंद पेटते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे हातपाय आधीच गार राहतात. आणि या गृहस्थांच्या बाबतीत मला सर्वांत काळजीची वाटली ती दोन गोळ्यांची जोडी. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते, आणि दोन तास वल्हे मारले तर आणखी खाली जाऊ शकते. साखर उतरली की छातीत धडधड आणि हातांना कंप हे जे इशारे मिळतात, ते बीटा ब्लॉकर दडपून टाकतो. घाम तेवढा उरतो, आणि पाण्यावर अंग ओलेच असते तिथे घामाकडे कोण पाहणार? बोलणे अडखळणे, हातातली वस्तू निसटणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे साखर उतरल्याचीही असतात आणि शरीर गारठल्याचीही. होडीत समोर बसलेल्या मुलाला दोन्हींतला फरक कळणार नाही. मीही तिथे असतो तर लगेच ओळखले असते असे नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर प्रथम साखर द्यायची आणि किनारा गाठायचा, कारण नंतर शोधायचे.

इथवर वाचून पत्रलेखकांना वाटले असेल की डॉक्टरांनीही मुलाचीच बाजू घेतली. थांबा. माशाची बाजू ऐकायची राहिली आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे.

हिवाळाभर बास खोल पाण्यात सुस्त पडून असतो. वसंतात ऊन लागून प्रथम तापते ते काठालगतचे उथळ पाणी, विशेषतः वाऱ्यापासून आडोसा असलेल्या खाचांतले. बास तिकडे सरकतो. पाणी साधारण १५ ते १८ अंशांना पोहोचले की नर काठाजवळ, कमरेएवढ्या किंवा त्याहून उथळ पाण्यात, शेपटीने गाळ झाडून ताटाएवढे किंवा परातीएवढे स्वच्छ आळे करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. नर राहतो. तो अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतो आणि पिल्ले बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांना राखतो. वारणेकाठच्या माणसाला हे नवे नाही. आपली मरळही तांबूस पिल्लांच्या थव्याखाली अशीच पहारा देत फिरते.

याचा अर्थ असा की एप्रिल आणि मे महिन्यांत, जेव्हा पाणी माणसाच्या जिवावर उठण्याइतके थंड असते, नेमका तेव्हा मासा काठाशी आलेला असतो. काठावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या गळाच्या टप्प्यात. जूनमध्ये पाणी तापू लागले की तो हळूहळू खोलात, झाडोऱ्याच्या आणि बुडालेल्या ओंडक्यांच्या सावलीत जातो, आणि तेव्हा त्याला गाठण्यासाठी होडी खरोखर लागते. तेव्हा पाणीही होडीतून पडले तरी सोसवेल असे झालेले असते. वसंतात कयाकवाल्यांना जी मजा येते ती येतेच. आडोशाच्या खाचेत निःशब्द शिरता येते, हे मी नाकारत नाही. पण ७२ वर्षांच्या, स्टेंट असलेल्या माणसाला त्या दोन महिन्यांत होडीत चढण्याची गरजच नाही. मासा स्वतः चालत येतो आहे.

न्यू जर्सीचा कायदाही याच वेळापत्रकाने चालतो. १५ एप्रिल ते १५ जून या काळात तिथे बास धरला तरी लगेच सोडून द्यावा लागतो. जवळ ठेवण्यास पूर्ण बंदी. आळ्यावरचा नर उचलला की ब्लूगिलसारखे लहान मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात, म्हणून धरलेला मासा ओल्या हातांनी हाताळून शक्य तितक्या लवकर, धरला तिथेच सोडावा. आणि आळ्यावर बसलेला दिसला तर गळ टाकूच नये हे उत्तम. परवान्याबद्दल एक खुलासा. तिथल्या रहिवाशांना वयाच्या ७० नंतर गोड्या पाण्यातील मासेमारीचा परवाना लागत नाही, हे ऐकून अनेक आजोबा निर्धास्त होतात. पाहुणा म्हणून गेलेल्यांना ही सवलत नाही. अल्प मुदतीचा परवाना मिळतो, तो घ्यावा.

जागेबद्दलही लिहितो, कारण मुलगा राउंड व्हॅली या जलाशयावर जात असे. १९६०च्या सुमारास बांधलेला हा जलाशय फार खोल, सुमारे १८० फूट. पाणी नितळ आणि त्यामुळे फार मोहक. परंतु उघड्यावर असल्याने वारा अचानक उठतो, लाटा होतात, आणि इतके खोल पाणी उशिरापर्यंत थंड राहते. तिथे वर्षानुवर्षे माणसे बुडाली आहेत आणि काहींचे देह कधीच हाती लागले नाहीत. वृद्ध माणसाला घेऊन वसंतात तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मनमथ काउंटीतील मनास्क्वान जलाशय त्यापेक्षा लहान, सुमारे ७७० एकरांचा, आणि तिथे फक्त विजेच्या मोटरी चालतात. भोवती सुमारे पाच मैलांची पायवाट आहे, बसण्याच्या जागा आहेत, स्वच्छतागृह आहे. टक्कल गरुडांचे घरटेही तिथे आहे. सौभाग्यवती आणि नातवंडे बरोबर आली तरी कोणी कंटाळणार नाही.

स्वच्छतागृहाचा उल्लेख मी मुद्दाम केला. प्रोस्टेटचा त्रास असलेले किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणारे अनेक पुरुष बाहेर पडायचे म्हटले की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि हे कोणाला सांगत नाहीत. मग उन्हात तीन तास बसून उठताना भोवळ येते, आणि ‘बाबांना झेपलं नाही’ असा निष्कर्ष निघतो. बाबांना झेपले असते. तांब्याभर पाणी आणि जवळ मोरी एवढेच हवे होते.

काठावर बसण्यातही काही खबरदारी आहे. होड्या उतरवण्याच्या सिमेंटच्या उतारावर शेवाळ असते. तिथे उभे राहू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणारा माणूस पडला आणि डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात जावे. गळाचा काटा बोटात रुतणे ही या छंदातली नेहमीची गोष्ट. काट्याचे उलटे टोक पकडीने चेपून टाकावे, म्हणजे तो सहज निघतो, माशाच्या तोंडातूनही. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधेच उचलून पाहू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते ते निघण्यापूर्वीच आठवून ठेवावे. पूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर पाण्यावरची चकाकी फार त्रास देते. पोलराइज्ड काचांचा चष्मा वापरावा. त्याने पाण्याखालचा मासाही दिसतो, म्हणजे दुहेरी फायदा.

आणि गोचीड. न्यू जर्सीच्या गवतात आणि पालापाचोळ्यात काळ्या पायांची एक गोचीड असते, तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. कनेटिकट राज्यातील लाइम या गावावरून त्याला हे नाव पडले. मे ते जुलै या काळात तिची अर्धवट वाढ झालेली पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहज दिसत नाहीत. पायमोज्यांत विजारीचे टोक खोचावे, घरी आल्यावर मांडीचे सांधे, काखा, गुडघ्यामागची खळगी कोणाकडून तरी पाहून घ्यावी. पुढील काही आठवड्यांत ताप आला किंवा कातडीवर पसरत जाणारे लाल चकंदळ उठले तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल अवश्य सांगावे. मायदेशी परतल्यावर ताप आला तर हे सांगणे अधिकच आवश्यक, कारण इकडच्या डॉक्टरांच्या मनात तो आजार प्रथम येणार नाही.

आता जून. कयाकमध्ये बसण्याचे मी नाकारलेले नाही, पुढे ढकलले आहे. थंड पाण्याच्या सुरक्षेविषयी काम करणारे जाणकार २१ अंशांखालचे पाणी जपून वागण्याचे मानतात. न्यू जर्सीत पाणी त्यावर जायला बहुधा जून उजाडतो. पाच-दहा डॉलरचा तापमापक दोरीला बांधून पाण्यात सोडला की अंदाज बांधण्याची गरज राहत नाही.

मधले दोन महिने वाया घालवायचे नाहीत. कयाकची बैठक खुर्चीपेक्षा पुष्कळ खाली असते, आणि तिच्यातून उठता येणे हीच खरी कसोटी. पाण्यात पडण्याचे प्रसंग मध्यापेक्षा काठाशी, चढता-उतरताना अधिक येतात. घरी एक परीक्षा करता येते. हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसावे, दोन्ही हात छातीवर घ्यावेत, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजावे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषांत ही संख्या १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांत १० पेक्षा कमी असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. आमच्या पत्रलेखकांची संख्या आली नऊ. ते खट्टू झाले. पण पायांतली ताकद या वयातही वाढते. रोज सकाळ-संध्याकाळ हाच व्यायाम, कोणीतरी शेजारी उभे असताना, दहा-दहा वेळा करण्यास त्यांना सांगितले. छातीत दडपण, दम किंवा भोवळ आली तर तिथेच थांबायचे. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाला एकदा दाखवून ‘तासभर वल्हे मारू का?’ असे नेमक्या शब्दांत विचारायचे. ‘व्यायाम करू का?’ असे मोघम विचारले तर उत्तरही मोघमच मिळते. ग्लिमेपिराइडची मात्रा त्या दिवशी काय ठेवायची तेही त्यांनाच विचारायचे, आपल्या मनाने गोळी टाळायची नाही. आणि प्रवासी विम्यात जुन्या आजारांना संरक्षण आहे का, हे मुलाने कागद काढून वाचायचे.

तरंगण्याचे जॅकेट. न्यू जर्सीत कयाकमध्ये ते प्रत्येकासाठी असलेच पाहिजे असा नियम आहे. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे आणि पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या थंड महिन्यांत कयाकवर ते अंगात घालणेच सक्तीचे आहे. माझ्या लेखी वृद्धांसाठी बाराही महिने सक्ती. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते: नौकाविहारात बुडून मरण पावलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नसते. होडीत ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. ती पहिल्या मिनिटाची गोष्ट वर आलीच आहे. वृद्धांनी फोमचे घ्यावे. हवा भरून फुगणारे जॅकेट सुटसुटीत दिसते, पण ते वेळेवर फुगेल या भरवशावर आपण राहू नये. जॅकेटला शिटी, आणि खिशात पाणी न शिरणाऱ्या पाकिटात फोन, जिभेखाली ठेवायची गोळी व ग्लुकोजच्या वड्या.

मुलासाठी दोन सूचना. दोघांच्या एकाच कयाकमध्ये बसणार असाल तर शेजारी तिसऱ्या माणसाची होडी असू द्या; तुम्ही स्वतः पाण्यात असताना वडिलांना एकट्याने वर काढणे तुम्हाला जमणार नाही. किनाऱ्यापासून इतकेच दूर जा की जॅकेट घातलेला माणूस तरंगत परत येऊ शकेल. आणि कयाक टपावरून उतरवताना वडिलांना हात लावू देऊ नका. मासेमारीची कयाक ४० किलोपर्यंत भरते, कंबर धरते ती तिथेच. चाकांची गाडी वापरा.

कोणी गारठलेला माणूस पाण्याबाहेर काढलाच तर ओले कपडे उतरवून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि आडवे ठेवावे. हातपाय चोळू नयेत. कढत पाण्याची अंघोळ घालू नये. दारू तर मुळीच देऊ नये, मग सोबतचे मित्र काहीही म्हणोत. पूर्ण शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय, आणि ९११.

बास खावा का, असेही पत्रात विचारले आहे. १५ जूननंतर ठराविक मापाचा ठेवता येतो. चवीला बरा असतो म्हणतात. पण तो इतर माशांना खाऊन जगणारा मासा, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो. जितका मोठा आणि वयस्क तितका अधिक. कोणत्या जलाशयातला किती खावा याच्या सूचना राज्य प्रसिद्ध करते, त्या पाहाव्यात. गर्भवती सुनेला आणि लहान नातवंडांना देऊ नये. आजोबांनी एखाद्या वेळी लहानसा खाल्ला तर माझी हरकत नाही. मात्र तळण्याचे तेल किती, याबद्दल मी बोलेन.

हे सारे मी पत्राने कळवले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आले. दोन शनिवार बापलेक मनास्क्वानच्या काठी बसले होते. पहिल्या शनिवारी काही लागले नाही. दुसऱ्या शनिवारी वडिलांच्या गळाला दीड-दोन किलोचा मोठ्या तोंडाचा बास लागला, मुलाच्या गळाला काही नाही. मुलाने फोटोसाठी मासा फार वेळ पाण्याबाहेर धरला म्हणून वडील त्याला रागावले आणि मासा हिसकावून घेऊन पाण्यात सोडला. खुर्चीची संख्या अकरावर आली आहे. ‘मुलाने आता स्वतःच सांगितले, बाबा, जूनमध्ये पाणी बघून ठरवू,’ असे लिहून खाली त्यांनी एक प्रश्न विचारला आहे: तापमापक नेमका किती खोल सोडायचा?

होडीतून पडलो तर जिथवर बुडू तिथवर, असे मी कळवले आहे. दोन-तीन हात पुरे.